फोल्डर उघडायचंय, मग ॲडमिनचा पासवर्ड कशाला?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण शेअर्ड फोल्डर आणि नेटवर्क ड्राइव्हचा विषय घेतला. व्हिडिओ बघताना सगळं सोपं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी दुकानात बसल्यावर नेमकी पायरी आठवत नाही. म्हणून तेच इथे सविस्तर लिहितोय, आणि व्हिडिओत वेळेअभावी राहून गेलेल्या चार गोष्टीही घेतल्यात.

नांदेडच्या मोंढ्यातली अडत असो, लातूरच्या गंजगोलाईतलं होलसेल दुकान असो, नाहीतर कर सल्लागाराचं चार टेबलांचं ऑफिस असो, प्रश्न एकच येतो. "सर, ऑपरेटरच्या मशीनवर मेन कॉम्प्युटरचं फोल्डर उघडंना गेलंय. पासवर्ड मागायलंय. मग मी ॲडमिनचाच टाकून दिला, झालं चालू."

झालं चालू, हे खरं. पण इथेच गडबड आहे. विंडोजमध्ये दुसऱ्या मशीनवरचं फोल्डर आपल्या मशीनला जोडायला ॲडमिनचे हक्क लागत नाहीत. साधा युजर हे काम स्वतः करू शकतो. ही एक गोष्ट नीट कळली की ॲडमिनचा पासवर्ड वाटत फिरण्याची गरजच संपते.

दोन खिडक्या, दोन वेगळे प्रश्न

विंडोज आपल्याला दोन वेगवेगळ्या वेळी पासवर्ड मागतं आणि आपण दोन्ही एकच समजतो.

पहिली खिडकी येते तेव्हा स्क्रीन मंद होते आणि विंडोज विचारतं की या ॲपला तुमच्या मशीनमध्ये बदल करू द्यायचा का? हा ॲडमिनचा प्रश्न आहे. नवीन सॉफ्टवेअर बसवताना, ड्रायव्हर टाकताना ही खिडकी येते. इथे विषय तुमच्या समोरच्या मशीनचा असतो.

दुसऱ्या खिडकीवर "एंटर नेटवर्क क्रेडेन्शियल्स" असं लिहिलेलं असतं. शेअर्ड फोल्डर उघडायला गेलं की ही येते. इथे विचारणारं समोरचं मशीन नसतं, तर लांबचं, म्हणजे मेन मशीन असतं. त्याचा प्रश्न एवढाच: "माझ्या यादीतला तू कोण?" त्या यादीत ज्याला त्या फोल्डरची परवानगी आहे असं कुठलंही नाव चालतं. ॲडमिनचं नाव टाकलं तर तेही यादीत असतं, म्हणून फोल्डर उघडतं. आणि मग आपला समज पक्का होतो की ॲडमिनशिवाय उघडतच नाही.

मोंढ्याच्या भाषेत सांगतो. मापाडी आणि हमाल गोदामात रोज जातात. त्यासाठी तुम्ही त्यांना गोदामाचं दार उघडून देता, घरच्या तिजोरीची किल्ली देत नाही. शेअर्ड फोल्डर म्हणजे गोदाम. ॲडमिन म्हणजे तिजोरी, घर, दुकान सगळ्याच किल्ल्यांचा जुडगा.

तेव्हा कामाची वाटणी अशी आहे. फोल्डर शेअर करणं हे मेन मशीनवरचं काम आहे, त्याला ॲडमिन लागतो, आणि ते मालकाने किंवा त्याच्या माणसाने एकदाच करायचं असतं. ते फोल्डर जोडून घेणं हे ऑपरेटरचं काम, ते तो त्याच्या साध्या लॉगिनमधून करतो.

एवढं काय बिघडतं?

"आमचं छोटं दुकान, आमच्याकडे कोण येतंय हॅक करायला?" हे वाक्य मी दर बॅचमध्ये ऐकतो. म्हणून आपल्याच राज्यातलं एक उदाहरण सांगतो.

२७ जून २०१७. नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडिया हे टर्मिनल ठप्प झालं. हे टर्मिनल मर्स्क समूहाची एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवते. त्या दिवशी नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि मर्स्कच्या संगणकांसोबत इथलेही बंद पडले. कंटेनर कुठला, कुठे ठेवायचा, कुठल्या ट्रकवर चढवायचा, हे सांगणारी यंत्रणाच गेल्यावर बंदर कसं चालणार?

आता याची सुरुवात कुठून झाली ते बघा. युक्रेनमध्ये एम.ई.डॉक नावाचं एक हिशोबाचं सॉफ्टवेअर आहे. आपल्याकडे जसं सगळे टॅली वापरतात तसं तिकडे कर भरण्यासाठी ते वापरतात. त्याच्या अपडेटमधूनच व्हायरस आत शिरला. म्हणजे कोणी चुकीच्या लिंकवर क्लिक केलं नाही, नेहमीचं अपडेट झालं एवढंच.

आत शिरल्यावर तो दोन रस्त्यांनी पसरायचा. एक, विंडोजच्या फाइल शेअरिंगमधली जुनी त्रुटी. त्यावरचा पॅच मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिला होता. दुसरा रस्ता आपल्या विषयाचा आहे. त्या मशीनवर ॲडमिनचे हक्क मिळाले की तो मेमरीत पडलेले लॉगिन आणि पासवर्ड उचलायचा आणि तेच वापरून शेजारच्या मशीनवर ॲडमिन म्हणून घुसायचा. त्यामुळे पॅच टाकलेली मशीनसुद्धा पडली. दार तोडायची गरज नव्हती, किल्ली मिळाली होती.

मर्स्कचे त्या वेळचे अध्यक्ष यिम हॅगेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोसला सांगितलं की कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी पुन्हा नव्याने बसवावे लागले. नुकसानीचा कंपनीचा अंदाज २५ ते ३० कोटी डॉलरचा होता. त्यांच्याकडे पैसा होता, माणसं होती, म्हणून उभे राहिले. आपल्याकडे दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची आवक जोरात असताना दहा दिवस पट्ट्या निघाल्या नाहीत, शेतकऱ्याचा हिशोब दाखवता आला नाही, तर काय होईल याचा विचार तुम्हीच करा.

तुमच्या पाचही मशीनवर एकच ॲडमिन पासवर्ड असेल, आणि तो प्रत्येक मशीनमध्ये सेव्ह असेल, तर तुम्ही हाच जुडगा पाच ठिकाणी टांगून ठेवलाय.

मेन मशीनवर काय करायचं (एकदाच, ॲडमिनने)

१. प्रत्येक माणसासाठी वेगळा युजर बनवा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स. मायक्रोसॉफ्ट अकाउंट नको, लोकल अकाउंट घ्या. प्रकार "स्टँडर्ड युजर" ठेवा. पासवर्ड द्याच. कोरा पासवर्ड असलेल्या युजरला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

२. फक्त कामाचं फोल्डर शेअर करा. अख्खा सी किंवा डी ड्राइव्ह नाही. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंग, ॲडव्हान्स्ड शेअरिंग.

३. परमिशन्समध्ये "एव्हरीवन" दिसेल, ते काढा. ज्यांना हवं त्यांचीच नावं घाला. ज्याला फक्त बघायचंय त्याला "रीड", ज्याला एंट्री करायचीय त्याला "चेंज". "फुल कंट्रोल" कोणालाच नको.

४. आता त्याच प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी टॅब उघडा आणि तिथेही तीच नावं घाला. बघणाऱ्याला "रीड", एंट्री करणाऱ्याला "मॉडिफाय". इथे बरेच जण अडकतात. नेटवर्कवरून येणाऱ्याला शेअरिंग आणि सिक्युरिटी अशा दोन चाळण्यांतून जावं लागतं, आणि दोन्हींपैकी जी बारीक तीच लागू होते. शेअरिंगमध्ये "चेंज" दिलं पण सिक्युरिटीत "रीड" असेल, तर फाइल उघडेल पण सेव्ह होणार नाही.

५. नेटवर्क "प्रायव्हेट" ठेवा आणि "पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग" चालूच राहू द्या. "कटकट नको" म्हणून ते बंद करणारे खूप भेटतात. मग वायफाय मिळालेला कोणीही फोल्डरच्या दारात उभा राहतो.

ऑपरेटरच्या मशीनवर काय करायचं (ऑपरेटरने, साध्या लॉगिनमधून)

"धिस पीसी" उघडा, "मॅप नेटवर्क ड्राइव्ह" निवडा. एक अक्षर घ्या, समजा झेड. खाली पत्ता टाका: दोन उलट्या तिरक्या रेघा, मेन मशीनचं नाव, एक उलटी रेघ, शेअरचं नाव. "रीकनेक्ट ॲट साइन-इन" आणि "कनेक्ट युजिंग डिफरंट क्रेडेन्शियल्स" या दोन्ही खुणा करा. खिडकी आली की मेन मशीनवर बनवलेल्या युजरचं नाव आणि पासवर्ड टाका. नावाच्या आधी मेन मशीनचं नाव आणि उलटी रेघ टाकली तर गोंधळ होत नाही.

बस. झेड ड्राइव्ह आला. मंद स्क्रीनवाली खिडकी कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या.

आणखी सोपं करायचं असेल तर ऑपरेटरच्या मशीनवर त्याचं जे नाव आणि पासवर्ड आहे, तेच हुबेहूब मेन मशीनवर बनवा. मग विंडोज विचारतही नाही, थेट जोडतं.

लोक हार मानून ॲडमिन देतात त्या चार जागा

पहिली: पिन चालत नाही. ऑपरेटर रोज चार आकडी पिन टाकून मशीन उघडतो, तोच पिन नेटवर्कच्या खिडकीत टाकतो. पिन त्या मशीनपुरताच असतो, नेटवर्कवर तो चालत नाही. खरा पासवर्ड लागतो.

दुसरी: ड्राइव्ह गायब होतो. झेड ड्राइव्ह फाइल एक्सप्लोररमध्ये दिसतो, पण हिशोबाचं सॉफ्टवेअर "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून उघडलं की त्यात दिसत नाही. लोकांना वाटतं नेटवर्क गेलं. कारण वेगळंच आहे. जोडलेला ड्राइव्ह हा त्या युजरच्या त्या लॉगिनपुरता असतो. ॲडमिन म्हणून उघडलेला प्रोग्रॅम विंडोजच्या दृष्टीने वेगळ्या लॉगिनमध्ये चालतो, त्याला तुमचा झेड माहीत नाही. उपाय म्हणजे सॉफ्टवेअर साधं उघडा. ते साधं उघडल्यावर चालत नसेल तर बहुतेक वेळा त्याला स्वतःच्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसते. तेवढ्या एका फोल्डरवर त्या युजरला "मॉडिफाय" द्या.

तिसरी: "एकाच सर्व्हरला दोन नावांनी जोडता येत नाही" असा एरर. आधी ॲडमिनच्या नावाने जोडलेलं असतं आणि आता नवीन युजर टाकायला जातो. जुनी जोडणी "डिसकनेक्ट" करा, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जाऊन सेव्ह झालेलं जुनं नाव काढा, एकदा साइन आउट करून परत या.

चौथी: नवीन लॅपटॉपवर जुनं शेअर उघडत नाही. ऑक्टोबर २०२४ पासून आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो एडिशनमध्ये, मायक्रोसॉफ्टने नियम कडक केले. बिना पासवर्डचं "गेस्ट" शेअर आता सहज उघडत नाही. यूट्यूबवर हे नियम रजिस्ट्रीतून ढिले करायचे उपाय भरपूर सापडतील. ते करू नका. वर सांगितल्याप्रमाणे नाव आणि पासवर्ड दिला की प्रश्न सुटतो. तसंच कोणी "एसएमबी १ चालू करा" म्हणालं तरी ऐकू नका. मे २०१७ मधला वॉनाक्राय त्याच जुन्या रस्त्याने पसरला होता.

उबंटूवाल्यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नाही, म्हणून काही जणांनी बिलिंग सोडून बाकीच्या कामासाठी उबंटू टाकलंय. चांगलं आहे. पण तिथे हाच प्रश्न जास्त टोकदार होतो.

लिनक्समध्ये लांबचं फोल्डर जोडण्याला "माउंट" म्हणतात आणि मुळात हे काम फक्त रूटचं, म्हणजे तिथल्या ॲडमिनचं. याला कारण आहे. माउंट म्हणजे मशीनच्या फाइलींच्या झाडावर बाहेरची फांदी लावणं. कोणालाही कुठेही फांदी लावू दिली तर तो सिस्टीमच्या फोल्डरवरच स्वतःचं फोल्डर आणून बसवेल. किंवा बाहेरून असा प्रोग्रॅम आणेल जो चालवला की आपोआप रूटचे हक्क घेतो. म्हणून बंदी. पण रोज फोल्डर जोडायला रूटचा पासवर्ड देणं म्हणजे पुन्हा तेच, किल्ल्यांचा जुडगा.

यावर तीन उपाय निघाले.

एक, यादी. "एफएसटॅब" नावाच्या फाइलमध्ये ॲडमिन आधीच लिहून ठेवतो की अमुक फोल्डर अमुक जागी जोडायला साध्या युजरला परवानगी आहे. त्या ओळीत "युजर" हा शब्द टाकला की लिनक्स स्वतःहून तीन बंधनं लावतं: तिथून प्रोग्रॅम चालणार नाही, रूटचे हक्क उचलणारी फाइल चालणार नाही, उपकरणाच्या खास फाइली चालणार नाहीत.

दोन, फ्यूज. मिक्लोश सेरेदी या प्रोग्रॅमरचं हे काम ऑक्टोबर २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१४ आवृत्तीत आलं. यात फाइलसिस्टीम चालवणारा प्रोग्रॅम युजरच्याच हक्कांनी चालतो. त्यावरच एसएसएच-एफएस बनलं: ज्या सर्व्हरवर तुमचं एसएसएच लॉगिन आहे तिथलं फोल्डर तुमच्या फोल्डरसारखं दिसतं. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे, ज्याने जोडलं त्यालाच ते दिसतं. ठरवून सूट दिली नाही तर त्या मशीनचा रूटसुद्धा थेट आत बघू शकत नाही.

तीन, सगळ्यात सोपा. उबंटूच्या फाइल मॅनेजरमध्ये सर्व्हरचा पत्ता टाकायची जागा असते. तिथे विंडोज मशीनचा पत्ता टाका, नाव-पासवर्ड द्या, फोल्डर उघडतं. रूट नाही, टर्मिनल नाही. दुकानासाठी एवढं पुरे.

एक शॉर्टकट मात्र टाळा. माउंट करणाऱ्या प्रोग्रॅमलाच कायमचे रूटचे हक्क देऊन ठेवायचे, म्हणजे कोणीही चालवला तरी तो रूट म्हणून चालेल. २००९ मध्ये सांबाच्या माउंट-सिफ्स या प्रोग्रॅममध्ये अशीच त्रुटी निघाली. तो असा रूट हक्कांनी बसवलेला असेल तर साध्या युजरला दुसऱ्याच्या पासवर्डच्या फाइलचा काही भाग वाचता येत होता. सोय म्हणून दिलेले जादा हक्क असे उलटतात.

लिनक्स पहिल्यापासून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत, फुकट आहेत.

नांदेडचं फोल्डर लातूरच्या शाखेत

"सर, मेन दुकान नांदेडला, शाखा लातूरला. तिथे झेड ड्राइव्ह येईल का?" येईल, पण राउटरमध्ये ४४५ नंबरचा पोर्ट उघडून नाही. ते म्हणजे गोदामाचं दार हायवेवर उघडणं. आधी दोन्ही जागांमध्ये व्हीपीएन लावा. ते बसवायला ॲडमिन एकदा लागेल. मग आतून नेहमीसारखं साध्या युजरने जोडायचं.

त्यातही बिलं, पीडीएफ, फोटो, एक्सेल अशा फाइलींसाठीच हे वापरा. हिशोबाच्या सॉफ्टवेअरचा चालू डेटा इंटरनेटवरून जोडलेल्या ड्राइव्हवर ठेवू नका. ते सॉफ्टवेअर सतत छोटे छोटे तुकडे वाचतं-लिहितं. लाइन मधेच गेली की डेटा खराब होण्याची भीती असते. त्यासाठी नांदेडच्या मशीनवर रिमोटने काम करणं बरं.

हे करूनही काय उरतं

खोटी हमी देणार नाही. ऑपरेटर साध्या युजरमध्ये असला तरी झेड ड्राइव्हवर त्याला लिहायची परवानगी आहेच. त्याच्या मशीनवर रॅन्समवेअर आलं तर ज्या फाइली तो बदलू शकतो त्या सगळ्या ते कुलूपबंद करू शकतं. मल्टी-युजर टॅलीमध्ये तर ऑपरेटरला डेटा फोल्डरवर लिहायचा हक्क द्यावाच लागतो, म्हणजे तो एक्सप्लोररमधून अख्खं फोल्डर कॉपी किंवा डिलीटही करू शकतो. (हे थेट हक्क टाळण्यासाठीच टॅलीप्राइम सर्व्हर हे वेगळं उत्पादन आहे.)

फरक असा की नुकसान त्या फोल्डरपुरतं राहतं. ॲडमिनचे हक्क नसतील तर विंडोजच्या जुन्या शॅडो कॉपी पुसणं, अँटिव्हायरस बंद करणं, शेजारच्या मशीनवर उडी मारणं हे सगळं अवघड होतं. एक फोल्डर बॅकअपवरून परत आणता येतं. पाच मशीन आणणं वेगळं.

म्हणून बॅकअप रोज घ्या, आणि बॅकअपची डिस्क काम झालं की काढून ठेवा. जोडलेली डिस्क हा बॅकअप नाही, व्हायरसला दिसणारी आणखी एक डिस्क आहे.

आणि माणूस काम सोडून गेला तर? प्रत्येकाचा वेगळा युजर असेल तर मेन मशीनवर एक नाव बंद करायचं, काम संपलं. सगळ्यांना एकच ॲडमिन पासवर्ड दिलेला असेल तर पाचही मशीनवर बदला, सगळ्यांना नवीन सांगा, आणि जुना कोणकोणाला माहीत होता ते आठवत बसा. भांडण होऊन गेलेला माणूस असेल तर त्या रात्री झोप लागत नाही.

या आठवड्याचं काम

महिन्याच्या २० तारखेची रिटर्नची घाई संपली की अर्धा तास काढा. ऑपरेटरला सांगा, "भाऊ, जरा उठ पाच मिनिटं", आणि त्याच्या खुर्चीत बसून चार गोष्टी तपासा:

- त्याचं लॉगिन "ॲडमिनिस्ट्रेटर" आहे का "स्टँडर्ड"?
- क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये मेन मशीनचं कुठलं नाव सेव्ह आहे?
- मेन मशीनच्या शेअरमध्ये "एव्हरीवन" अजून आहे का?
- गेल्या वर्षी सोडून गेलेल्या मुलाचं नाव यादीत अजून आहे का?

पहिल्या दोन्हींपैकी कुठेही ॲडमिन दिसला, तर वरच्या पायऱ्या करा आणि मग मेन मशीनचा ॲडमिन पासवर्ड बदला. क्रम हाच ठेवा. आधी पासवर्ड बदललात तर सगळ्यांचे ड्राइव्ह एकदम तुटतील आणि ऐन गर्दीत तुम्ही घाईघाईने नवीन पासवर्ड पुन्हा सगळ्यांना वाटाल.

नवीन पासवर्ड वहीत लिहा आणि ती वही तिजोरीत ठेवा, मॉनिटरला चिकटवू नका.